शकुताईंचा पिवळा मीटर

शकुताईंना शॉक लागला नव्हता. गेले काही आठवडे हे एकच वाक्य मी आगाशीच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, देवळाच्या पायरीवर आणि स्वतःच्या दारात उभी राहून सांगते आहे. समोरचा माणूस ‘हो का’ म्हणून मान हलवतो आणि पुढच्या वळणावर भेटेल त्याला सांगतो, की त्या शॉकने गेल्या. अर्नाळ्याहून मासळी आणणारी आमची नेहमीची कोळीण टोपली उतरवता उतरवता म्हणाली, “बाय, तुजी ननंद करंट लागून गेली म्हनतात.” मी म्हटलं, “नाही, हार्ट ॲटॅक आला.” ती म्हणाली, “तेच गो. करंट लागला म्हंजे हार्टच बंद होनार ना.” मी बोंबील घेतले आणि दार लावलं. एकेकाला सांगून दमले, म्हणून आता लिहिते आहे. निदान एकदा तरी सगळं क्रमाने सांगून होईल.

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होते. विरारच्या एका कॉलेजच्या कार्यालयात मी काम करते आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथे मान वर करायला फुरसत नसते. फोन आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या सामंतवहिनींचा होता. “नीलावहिनी, लवकर या. ताई मीटररूममध्ये बसल्यात आणि बोलत नाहीयेत.” बसल्यात, असं त्या म्हणाल्या. पडल्यात असं नाही. मला तो शब्द पक्का आठवतो, कारण रिक्षात मी त्यालाच धरून बसले होते. बसल्यात म्हणजे दम लागला असेल, चक्कर आली असेल, पाणी दिलं की उठतील. मी पोचेपर्यंत त्यांना दवाखान्यात हलवलं होतं आणि डॉक्टरांनी सांगायचं ते सुधीरला सांगून झालं होतं. हृदय थांबलं. अंगावर कुठेही भाजल्याची खूण नाही. सुधीरने दोनदा विचारलं, मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि डॉक्टर जरा वैतागूनच म्हणाले, “मॅडम, शॉकचं काहीही नाही.” त्यांचा वैताग मला बरा वाटला. सरळ उत्तर होतं ते.

शकुताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, सुधीरची, थोरली बहीण. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंची इच्छा होती की मी त्यांना ‘वन्सं’ म्हणावं. मी एकदा म्हटलंही. ताई म्हणाल्या, “वन्सं नको बाई, नाटकात काम केल्यासारखं वाटतं.” तेव्हापासून ताई. आमचं घर जुन्या वाडीतलं, मागे केळी, कडेला चार नारळी. ताईंना वाडीत काडीचा रस नव्हता. त्या मॅट्रिक झाल्या आणि वसई पूर्वेला वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागल्या, तो कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच राहिल्या. तिथे मल्टिमीटर बनत. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, वीज मोजायचं हातात मावणारं यंत्र असतं ते. त्याला एक लाल आणि एक काळी वायर, वायरींच्या टोकाला सुया, मध्ये फिरवायची चकती आणि वर करड्या काचेवर काळे आकडे, साध्या कॅल्क्युलेटरवर दिसतात तसे. ताईंचं काम त्या काचेचं. काच बसवायची, बटण दाबायचं, आकड्यातली एकेक रेघ उमटते का बघायची, आणि एक जरी रेघ पुसट असली तरी तो नग बाजूच्या लाल ट्रेमध्ये. रिजेक्ट. हा शब्द त्यांनी कारखान्यातून घरी आणला. आंबट दही रिजेक्ट, सुधीरचा इस्त्री न केलेला शर्ट रिजेक्ट. माझी या घरातली पहिली पुरणपोळी त्यांनी खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी बघितली होती आणि म्हणाल्या होत्या, “पास.” तेव्हा मला राग आला होता. नंतर कळलं की एवढं कौतुक त्या सहसा कुणाचं करत नाहीत.

कारखाना बंद झाला तेव्हा त्यांना तिथलाच एक पिवळा मल्टिमीटर मिळाला. त्याला घरात सगळे नुसतं ‘पिवळा’ म्हणत. “माझा पिवळा कुठाय?” अशी हाक आली की समजायचं, ताई कुणाकडे तरी निघाल्या. आणि त्यांना बोलावणी भरपूर. आमच्या मागची केळीची वाडी शेजाऱ्यांनी विकली आणि तिथे तीन मजली बिल्डिंग आली. पूर्वी जिथे पाणी मुरायचं तिथे आता पार्किंग आहे, त्यामुळे पाणी पार्किंगमध्येच येऊन उभं राहतं. जोराचा पाऊस झाला की तळमजल्याच्या मीटररूममध्ये पाणी, आणि पाणी उतरलं की भिंतीला, लोखंडी दाराला, पाण्याच्या पंपाला हात लावायला सगळे घाबरतात. इलेक्ट्रिशियन त्या दिवसांत देवासारखा. असतो म्हणतात, दिसत नाही. मग सामंतकाका, म्हणजे त्या सोसायटीचे सेक्रेटरी, आमच्या कुंपणापाशी येऊन हाक मारायचे, “शकुताई, जरा बघता का?” ताई रबरी चपला घालून, एका हातात पिवळा आणि काखेत आमच्या स्वयंपाकघरातला लाकडी पाट घेऊन निघायच्या. ओल्या जमिनीवर पाट टाकून त्यावर उभं राहिल्याशिवाय त्यांनी कधी कशाला सुई लावली नाही. मी म्हणायचे, “ताई, त्या पाटावर आपण जेवायला बसतो.” त्या म्हणायच्या, “म्हणूनच तो कोरडा असतो.”

त्यांची पद्धत ठरलेली. घरातून निघण्याआधी सुया स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये घालून आकडा बघायचा. मग तिकडे जाऊन दार, भिंत, पंप. मग घरी परत येऊन पुन्हा सॉकेट. मी एकदा विचारलं, हे येता-जाता कशासाठी. त्या म्हणाल्या, “आधी जिथे करंट आहे तिथे बघायचं. मग जिथे नसावा तिथे. मग परत आहे तिथे. नाहीतर शून्य काय, मेलेला मीटरसुद्धा दाखवतो.” हे मी मुद्दाम लिहिते आहे. ज्या बाईला शून्यावर विश्वास ठेवायला दोन्ही बाजूंनी साक्षीदार लागायचे, ती बाई न बघता वायरीला हात लावेल असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

अडचण डोळ्यांची झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण करड्या काचेवरचे काळे आकडे अंधारात दिसेनात. मीटररूम म्हणजे जिन्याखालची खोली, खिडकी नाही. पाणी शिरलं की मेन स्विच पाडलेला, म्हणजे दिवाही नाही. एका हातात लाल सुई, दुसऱ्यात काळी, मीटर गळ्यात अडकवलेला, मग टॉर्च धरणार कशात? दातात. आणि पुढचे दात कवळीचे. एकदा टॉर्च, कवळी आणि सुई असं सगळं मिळून पाण्यात पडलं आणि ताई घरी आल्या त्या तोंडाला पदर लावून. मी हसले, त्याही हसल्या, आणि मग म्हणाल्या, “नीला, काचेच्या मागून उजेड पाहिजे.”

आता मी सरळ विचार करणारी बाई आहे. मी म्हटलं, “दिवा असलेला नवीन मीटर मिळतो. आणू या.”

“नवीन कशाला? याचं काय बिघडलंय?”

“बिघडलं नाही, दिसत नाही.”

“मग दिसेल असं करायचं.”

“डोक्याला बांधायचा टॉर्च मिळतो, तो आणते.”

“पुढून उजेड पाडला की काच चमकते. आकड्याऐवजी माझंच कपाळ दिसतं.”

पुढचे कित्येक महिने आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांच्याकडे होता. पिवळ्याचं पोट उघडून सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले, आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर दुधावर ठेवायची जाळी पालथी. दूध उघडं. मी जाळी परत दुधावर ठेवायची, सकाळी ती पुन्हा पिवळ्यावर. मी दुसरी जाळी आणली, तर त्या म्हणाल्या, “बरं झालं, सुट्या भागांना वेगळी हवीच होती.” मग मी नाद सोडला.

त्यांनी मला जे समजावलं ते असं. अशा काचेच्या पाठीला चंदेरी पापुद्रा असतो. पुढून आलेला उजेड तो मागे फेकतो, म्हणून आकडे दिसतात. मागे दिवा लावायचा तर तो पापुद्रा आड येतो, तो काढायला हवा. पण त्याच्या आत एक धुरकट फिल्म असते आणि ती मात्र राहायला हवी, कारण तिच्यावाचून आकडे दिसतच नाहीत. कारखान्यात या दोन गोष्टी वेगवेगळ्या निघत. पिवळ्यात त्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या निघाल्या. ताईंनी ब्लेडने चंदेरी पापुद्रा उचलला आणि फिल्म त्याच्यासकट फाटत वर आली. काच कोरी. बटण दाबलं तर आत आकडे होते म्हणे, पण ते असून नसल्यासारखे. मी म्हटलं, “झालं ना आता? नवीन आणते.” त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे कानांनीच ऐकलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी ऑफिसात फीची बेरीज करायला पर्समधला कॅल्क्युलेटर काढला. बटणं दाबली. काच कोरी. सेल बदलला, तरी कोरी. बेरीज पुढ्यात, मुलांची रांग खिडकीत, आणि मी आपली काच खिडकीकडे तिरकी धरून बघते आहे. घरी आल्यावर विचारलं, “ताई, माझ्या कॅल्क्युलेटरला काय झालंय?”

“काही नाही. चालतोय तो.”

“चालतोय?”

“चालतोय. फक्त दिसत नाही.”

माझ्या कॅल्क्युलेटरच्या काचेवरची फिल्म त्यांनी सोलून पिवळ्यासाठी घेतली होती. न विचारता. वर मला म्हणाल्या, “तुला बेरजा तोंडी येतात.” मी दोन दिवस त्यांच्याशी मोजकं बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्यांचं दिव्याचं काम चाललं होतं. बंद पडलेल्या इमर्जन्सी लॅम्पमधला इवलासा पांढरा दिवा, शाळेतल्या पारदर्शक पट्टीचा तुकडा घासून त्याच्या कडेला, खाली दुधाच्या पिशवीचं पांढरं प्लास्टिक. उजेड पट्टीतून सरकत काचेच्या मागे पसरायला हवा होता. पण तो दिव्याच्या बाजूला ढीगभर आणि टोकाला नाममात्र. शेकड्याचा आकडा लख्ख, एकंचा आजारी. मग बटरपेपर, मग आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण. एकदा त्या कधी नव्हे त्या वाडीत गेल्या आणि केळीच्या खोडाच्या सोपाचा आतला पातळ पापुद्रा सोलून घेऊन आल्या. तो सगळ्यांत छान पसरवत होता उजेड, अगदी एकसारखा. दुसऱ्या दिवशी वाळून गोळा झाला.

दिवा पेटता झाला तर सेलचा प्रश्न. मी म्हटलं, आहे त्याच सेलवर लावा. ताईंनी माझ्याकडे लाल ट्रेमधल्या नगाकडे बघावं तसं बघितलं. सेल उतरला की मीटर चुकीचा आकडा दाखवतो, आणि दिवा सेल खातो. म्हणजे नीट दिसावा म्हणून दिवा लावायचा आणि त्या दिव्यामुळेच आकडा खोटा ठरायचा. दिव्याला वेगळा सेल हवा. वेगळा सेल आत मावत नाही. बाहेर ठेवला तर झाकण लागत नाही. रबरबँड लावून नेता येईल असं मी सुचवलं. “उघड्या पोटाने मीटररूममध्ये जायचं नसतं,” त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर असायचं आणि प्रत्येक वेळी काम पुढे जायच्या ऐवजी मागे यायचं. मला चीड यायची ती याची. चूक कुणाचीच नाही आणि टेबल मात्र अडलेलं.

मग एका संध्याकाळी ते झालं. झाकणाच्या आतल्या बाजूच्या दोन रेघा घासून त्यांनी घड्याळाचे सेल बसतील एवढी जागा केली होती, झाकण लागलं होतं. ताईंनी सॉकेटमध्ये सुया घातल्या आणि बटण दाबलं. काच काळीभोर झाली आणि तिच्यात पांढरे आकडे पेटले. इतके स्वच्छ, की मला चष्म्याशिवाय दारातून वाचता आले. सुधीर चहाचा कप घेऊन उठून आला. “मस्तच ताई. एकदम टीव्हीसारखं.”

ताईंचं तोंड उतरलं. “फिल्म पालथी बसली. आकडे काळे पाहिजेत, काच उजळ. हे उलटं झालं.”

“उलटं असू दे. दिसतंय ना?” मी म्हटलं.

“आमच्याकडे असा नग आला की थेट लाल ट्रे.”

“ताई, कारखाना बंद पडला. ट्रेही भंगारात गेला.”

“नीला, अगं दिवसा काय करशील? याच्यावर बाहेरचा उजेड पडला की काहीच दिसणार नाही. सगळं काळं.”

“दिवसासाठी नाहीच आहे ते. काळोखासाठी केलंय ना?”

“मीटर दोन्हीकडे दिसला पाहिजे,” त्या म्हणाल्या, आणि चिमटा घेऊन बसल्या. सुधीरने मला डोळ्याने गप्प राहायला सांगितलं. फिल्म सोलून, पालटून, परत बसवायची. पण गोंद आता चुकीच्या बाजूला. ती निघताना ताणली गेली आणि तिला एक तिरकी सुरकुती पडली, कागदाला पडते तशी, न जाणारी. ताईंनी ती टेबलाच्या काचेवर ठेवून नखाने सपाट करून बघितली, कोमट पाण्याच्या तांब्याखाली दाबून बघितली. मग जाळीखाली ठेवून दिली. “दुसरी फिल्म मिळेल. नालासोपाऱ्याला भंगारवाल्याकडे जुनी घड्याळं येतात.” चांगलं चाललेलं, सगळ्यांना दिसणारं यंत्र त्यांनी आपल्या हाताने बंद पाडलं होतं, का, तर ते कारखान्यात पास झालं नसतं. मी त्या रात्री भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

दुसऱ्या आठवड्यात मी न विचारता दिवा असलेला नवीन मल्टिमीटर आणला. ताईंनी तो हातात घेतला, दिव्याचं बटण दाबलं, आणि बघत राहिल्या. थोड्या वेळाने दिवा आपोआप विझला. सेल वाचावा म्हणून तशीच सोय असते त्यात. पुन्हा दाबला, पुन्हा विझला. “याला माझ्यापेक्षा लवकर झोप येते,” त्या म्हणाल्या. पण वापरला. पिवळा जाळीखाली, म्हणून काम पडलं की नवीन नेत, आणि आल्यावर त्याची तक्रार करत. दोन्ही हात सुयांवर असताना दिव्याचं बटण दाबायला तिसरा हात कुठून आणू, हा प्रश्न त्यांनी मला इतक्या वेळा विचारला, की मी शेवटी म्हटलं, “पाटाला विचारा.”

त्या दिवशी त्या नवीनच घेऊन गेल्या होत्या. आदल्या दिवशीच्या पावसाने मागच्या बिल्डिंगमध्ये पाणी शिरलं होतं, सकाळी उतरलं. मीटररूमच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात असं कुणीतरी म्हणालं आणि सामंतकाका कुंपणाशी आले. सुधीर तेव्हा दाढी करत होता, त्याने त्यांची हाक ऐकली. ताईंनी सॉकेटमध्ये सुया घालून बघितल्या, पाट काखेत घेतला आणि गेल्या. पुढचं कुणी पाहिलं नाही. सामंतवहिनी चहा घेऊन खाली गेल्या तेव्हा मेन स्विच खाली पाडलेला होता. ताई पाटावर बसलेल्या, पाठ भिंतीला टेकलेली, पायांत चपला, मीटर मांडीवर, सुया त्याच्याभोवती गुंडाळलेल्या. त्या सुया गुंडाळलेल्या होत्या हे मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगते. काम झाल्यावरच त्या गुंडाळत. ज्याला झटका बसतो तो सुया गुंडाळून, पाटावर बसून, भिंतीला टेकत नाही. त्यांना बरं वाटेनासं झालं, म्हणून त्या बसल्या. एवढंच.

पण लोकांना एवढंच पुरत नाही. बाई, मीटररूम, ओली भिंत... गोष्ट तयारच होती. बाराव्याला आलेल्या एका आजोबांनी सुधीरच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की बाईमाणसाने वायरींच्या भानगडीत पडू नये. कुणी म्हणालं, डोळ्यांना दिसत नव्हतं ना, लागला असेल हात. यापेक्षा मोठा अपमान ताईंचा कुणी केला नसता. आणि सगळ्यांत कडी म्हणजे सोसायटीत अशी बोलवा झाली की त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, त्या आपण होऊन आत गेल्या. सामंतकाका माझी नजर चुकवू लागले. मी एकदा त्यांना रस्त्यात गाठलं. ते म्हणाले, “वहिनी, आता तो विषय कशाला? मेंबर लोक मलाच धरतील.” इलेक्ट्रिशियन येऊन सगळं तपासून, करंटची काही गळती नाही म्हणून सांगून गेला होता. त्यावरही कुणाचा विश्वास नाही. मीटररूमच्या कडीला लिंबू-मिरच्या, आणि आत जायला कुणी तयार नाही.

घरात जाळी अजून टेबलावरच होती. सुधीर तिला हात लावेना, मीही लावला नाही. शेवटी एका रविवारी दुपारी मला त्या जाळीचा राग आला. टाकून तरी द्यायचं, नाहीतर लावून तरी टाकायचं, म्हणून मी बसले. मला त्यातलं काही येत नाही. पण इतके महिने समोर बसून भाजी निवडली होती, हात कसे चालतात ते दिसलं होतं. सुरकुतलेली फिल्म ज्या बाजूला गोंद होता त्याच बाजूने चिकटवली, म्हणजे उलटीच. पट्टी, दुधाची पिशवी, दिवा. काच बसवली तर आकड्यांच्या अर्ध्याच रेघा आल्या. काच आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते, तिच्यावर बोट लागलं की असं होतं. ताईंना दहा वेळा ऐकलं होतं. पट्टी स्पिरिटच्या कापसाने पुसली, परत बसवली. सॉकेटमध्ये सुया घातल्या. खिडकीचा पडदा ओढला, तेव्हा काळ्या काचेत पांढरे आकडे पेटले, शेवटच्या आकड्यावरून तिरकी सुरकुती. मी सुधीरला हाक मारली नाही. टेबल पुसून घेतलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी सामंतकाका कुंपणाशी. “वहिनी, सुधीर आहे का? जिन्याचे दिवे गेलेत, पंप बंद आहे, मेन पडलाय असं वाटतं. इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणतो. आत जायला कुणी तयार नाही.” सुधीर नव्हता. मी म्हटलं, “चला, मी येते.” त्यांना ते नको होतं हे दिसत होतं. मी स्वयंपाकघराचा पडदा ओढून सॉकेटमध्ये आकडा बघितला, पाट काखेत घेतला, रबरी चपला घातल्या.

खाली सामंतवहिनी आणि अजून दोघीतिघी लांब उभ्या. मी पाटाच्या कडेने लिंबू-मिरच्या बाजूला केल्या, पाटानेच दार ढकललं. काकांनी उंबऱ्यापाशी सवयीने चपला काढल्या, देवळात शिरावं तसं. मी म्हटलं, “काका, चपला घाला आधी.” त्यांनी निमूट घातल्या. पाटावर उभी राहून मी एक सुई लोखंडी दाराला लावली, दुसरी अर्थिंगच्या पट्टीला. उघड्या दारातून सकाळचं ऊन थेट काचेवर. सगळं काळं. ताई म्हणाल्या होत्या तसं.

“काय दाखवतोय?” काकांनी विचारलं.

“उजेडात दिसत नाही हा. दार लावावं लागेल.”

“बाहेरून?”

“आतून. ज्यांना बघायचं असेल त्यांनी आत या.”

मग सामंतवहिनी आल्या, पदर सावरत. त्यांच्यामागे बाकीच्या. काका सगळ्यांत शेवटी. त्यांनीच चपलेच्या पायाने दार लोटून घेतलं. ओल्या सिमेंटचा वास, आणि काळोखात एवढासा उजेड. शून्य. त्याच्यावरून तिरकी रेघ.

“शून्य म्हणजे काही नाही ना?” वहिनींनी विचारलं.

“म्हणजे काही नाही.”

त्यांनी हात पुढे करून दारावर टेकवला. “गार आहे,” म्हणाल्या. मग एकीने भिंतीला लावला. मी मेन वर केला, बाहेर पंप घरघरला, सुया पुन्हा दाराला लावल्या, तरी शून्यच. दार कुणी उघडलं नाही, दिवाही कुणी लावला नाही. काळोखात काकांचा आवाज आला, “इथेच बसल्या होत्या.”

“हो. पाटावर.”

“मीच बोलावलं होतं त्यांना.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “हे आता बाहेर जाऊन सांगा.”

त्यांनी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. कोळीण परवाही काहीतरी पुटपुटलीच. मी त्या दिवशी पाट घेऊन घरी आले, पाय धुतले आणि पुन्हा पडदा ओढून सुया सॉकेटमध्ये घातल्या, कारण अजून एकदा बघायचं राहिलं होतं. काच काळी झाली, आकडे पेटले, उलटे, सुरकुतलेले, लाल ट्रेमध्ये जायच्या लायकीचे. म्हणजे मघाचं शून्य खरं होतं. मी सेल काढून वेगळे ठेवले, सुया गुंडाळल्या, पिवळा फ्रिजवर ठेवला आणि पाट पुसून जागेवर उभा केला.